शुद्ध पाहिजे का मिक्स?

आज राजकारण नाही. नगरपंचायत नाही, खंबाटकीचा बोगदा नाही, हायवेची रखडलेली कामं नाहीत. आज भांड्यांवर लिहितोय. हसू नका, शेवटपर्यंत वाचा. विषय तुमच्या-माझ्या लेकरांच्या पोटाचा आहे.

दिवाळीच्या आधी आईनं माळ्यावरची पितळेची भांडी खाली काढायला लावली. दोन पातेली, एक तपेलं, एक मोठी कढई. कारण आमची कन्या. सातवीत आहे, मोबाईलवर बघून आली की पितळेत शिजवलेलं चांगलं असतं, आजी तू पितळेतच आमटी कर. आई खूश. पण तिची एकच अट होती, "कल्हई झाल्याशिवाय मी त्यात पाणीसुद्धा तापवणार नाही."

आता कल्हईवाला आणायचा कुठून? मी लहान होतो तेव्हा आमच्या गल्लीत वर्षातून दोनदा तरी आरोळी यायची, "भांड्यांना कल्हईऽऽ." झाडाखाली खड्डा खणायचा, कोळसा पेटायचा, भाता सुरू व्हायचा, आणि आम्ही पोरं शाळा बुडवून तिथं बसायचो. भांडं लालबुंद तापलं की चिमूटभर नवसागर आत टाकायचा. भस्सकन पांढरा धूर, नाकाला झोंबणारा. मग कथलाची कांडी नुसती टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं गर्रकन फिरवायची. काळपट पिवळं भांडं डोळ्यांदेखत चांदीसारखं व्हायचं. पाण्यात बुडवलं की चर्रर्र. आमच्या पिढीनं जादूचा पहिला प्रयोग तिथं बघितला, जादूगार रघुवीर नंतर.

यावेळी मात्र दोन आठवडे फोनाफोनी केली. लोणंदला विचारलं, वाईला विचारलं, भोरला विचारलं. शेवटी शिरवळजवळ एक चाचा सापडले. साठी ओलांडलेली, हाताची नखं कोळशानं कायमची काळी. भाता जाऊन ब्लोअर आलाय, बाकी सगळं तेच. मी पिशवी उघडून भांडी दाखवली. चाचांनी एकेक हातात घेऊन वाजवून बघितलं आणि सहज विचारलं,

"साहेब, शुद्ध पाहिजे का मिक्स?"

मी म्हणलं, म्हणजे काय?

"शुद्ध म्हंजे निस्तं कथील. मिक्स म्हंजे कथलात शिसं. पातेल्यामागं साठ-सत्तर रुपयांचा फरक पडतो. बरेच लोक मिक्सच घेतात."

"त्यांना माहिती असतं?"

चाचा हसले. "दर इचारतात साहेब. माल कोण इचारतंय?"

वीस वर्षं बातमीदारी करतोय. दूधभेसळ, खवाभेसळ, पेट्रोलभेसळ, सगळ्याच्या बातम्या केल्या. पण भेसळीचा पर्याय इतक्या साध्या आवाजात, दरासकट, गिऱ्हाइकापुढं ठेवलेला मी पहिल्यांदा बघितला. आणि खरं सांगायचं तर मला चाचांचा राग आला नाही. त्यांनी निदान विचारलं तरी.

हे काय प्रकरण आहे ते आधी नीट समजून घेऊ.

तांबं आणि पितळ आंबटाला चालत नाही हे आपल्या आज्यांना पक्कं माहीत होतं. बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं. 'कळकणं' हा शब्द आता स्वयंपाकघरातून जवळजवळ गेलाय, पण काय नेमका शब्द आहे! रंग हिरवट, चव तुरट, पोटात मळमळ. त्यावर उपाय म्हणजे आतून कथलाचा पातळ थर. कथील हा धातू पोटाला फारसा त्रास देत नाही, शरीरात शोषला जातो तोही अगदी थोडा. आमटी आणि पितळ यांच्यामध्ये तो भिंतीसारखा उभा राहतो. एका पातेल्याला लागतं किती, तर काही ग्रॅम.

अडचण एवढीच की कथील महाग आहे. आपल्या देशात त्याचं खनिज मिळतं ते मुख्यतः छत्तीसगडच्या बस्तर-दंतेवाडा भागात, तेही थोडं. बाकी सगळं बाहेरून येतं. शिसं त्याच्या दहापटींहून स्वस्त. दिसायला दोन्ही पांढुरके, मऊ, कमी आचेवर वितळणारे. शुद्ध कथील 232 अंशांना वितळतं. त्यात शिसं मिसळलं की मिश्रण त्याहूनही लवकर वितळतं. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांकडची जुनी सोल्डरची तार आठवा, ती याच दोघांची, आणि 190 अंशांच्या आतच पाणी होते. म्हणजे कल्हई करणाऱ्याला मिक्स माल स्वस्त पडतो, कोळसा कमी लागतो आणि तो कापसाखाली पसरतोही सुरेख. चकाकी तर अशी येते की गिऱ्हाईक म्हणतं, वा!

चाचांना विचारलं की हा मिक्स माल तुम्ही बनवता का. म्हणाले, "न्हाई ओ. तयार कांडीच येती. भंगारातलं जुनं सोल्डर, बेअरिंगचं व्हाइट मेटल, सगळं वितळवून कुणीतरी कांड्या वततो. आम्हाला काय, दुकानदार म्हणतो कथील, आम्ही म्हणतो कथील."

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त खटकली ती गोष्ट सांगतो. कळकलेलं ताक जीभ सांगते. तोंडात घेतलं की थुंकून टाकता. शिशाचं तसं नाही. शिसं आंबटात उतरतं, चिंचेत उतरतं, कोकमात, टोमॅटोत, दह्यात उतरतं, आणि चव बिघडत नाही. आंबटाशी मिळून त्याचा जो क्षार होतो तो चक्क गोड लागतो. इंग्रजीत त्याला 'शिशाची साखर' असंच नाव आहे, आणि युरोपात एकेकाळी दारू गोड करायला लोक तो वापरत होते. म्हणजे ज्या आजाराला घाबरून आजी कल्हई करून घ्यायची, त्याची खबर जीभ देत होती. आपण ज्या कांडीनं कल्हई करून घेतोय, तिची खबर कुणीच देत नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही. मोठ्या माणसाच्या चार-पाचपट शिसं लहान मूल शोषून घेतं. ते मेंदूवर जातं, रक्त कमी करतं आणि हाडांत जाऊन बसतं. बाई गरोदर राहिली की हाडांतलं तेच शिसं पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. युनिसेफनं 2020 साली अहवाल दिला होता, की जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात काळजी करण्याइतकं शिसं आहे. एकट्या भारतात अशी साडेसत्तावीस कोटी मुलं असल्याचा त्यांचा अंदाज. हे सगळं भांड्यांमुळे नाही. बॅटऱ्या वितळवण्याचे उद्योग आहेत, मसाल्यातले रंग आहेत, जुने ऑइलपेंट आहेत. पण भांडी त्या यादीत आहेत, आणि यादीतल्या बाकीच्या गोष्टींवर काहीतरी झालंय हो.

बघा ना. 2000 सालापासून देशभर पेट्रोलमधलं शिसं बंद झालं. 2017 पासून घराच्या रंगातल्या शिशाला 90 पीपीएमची मर्यादा आली. 2015 ला मॅगी आठवत असेल. शिशाच्या संशयावरून बंदी आली, गावोगावच्या किराणा दुकानांतून पाकिटं उचलली गेली, मग उच्च न्यायालयानं बंदी उठवली, फेरतपासण्या झाल्या, माल परत आला. त्यात कोण बरोबर कोण चूक हा वाद सोडा. पण त्या महिन्यात आमच्या पारगाव-खंडाळ्याच्या चहाच्या टपरीवर माणसं 'पीपीएम' हा शब्द वापरत होती. पाकिटातल्या शिशावर एवढी चर्चा, आणि ती मॅगी ज्या पातेल्यात शिजते त्याच्या आतल्या थरावर शून्य.

कायदा आहे का? आहे. 1955 च्या अन्नभेसळ नियमांत होता, 2011 च्या अन्नसुरक्षेच्या नियमांत पुन्हा आला. नीट कल्हई न केलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात बनवलेलं किंवा ठेवलेलं अन्न खाण्यास अयोग्य समजावं, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. 'नीट' म्हणजे काय, हे मात्र हॉटेलात आलेल्या अधिकाऱ्यानं डोळ्यांनी ठरवायचं. आणि डोळ्यांना तर मिक्सची कल्हई जास्तच नीट दिसते! 2024 साली केंद्रानं स्टीलच्या आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं करण्याचा आदेश काढला. चांगलं केलं. पण झाडाखाली बसून होणाऱ्या कल्हईला त्या आदेशात जागा असायचं कारणच नव्हतं.

दुसरीकडे सोनं बघा. मुलीच्या लग्नात पाच ग्रॅमची अंगठी घेताना आपण भिंग मागतो. हॉलमार्क बघतो, सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी मोबाईलवर टाकून खात्री करतो. 1 एप्रिल 2023 पासून त्याशिवाय दागिना विकायलाच बंदी आहे. अंगठी बोटात राहते, पातेल्यातलं पोटात जातं. पण शुद्धतेचा शिक्का बोटातल्याला.

हे असं सगळीकडेच आहे असंही नाही. ज्यांनी कथलाची भांडी जेवायला वापरली, त्यांनी यावर डोकं लढवलंय. विलायतेत 'प्युटर' नावाचा धातू असतो. मुख्य कथील, त्यात थोडं अँटिमनी आणि तांबं. त्याच्या थाळ्या, मग, बरण्या, शोभेच्या वस्तू बनतात. पूर्वी त्यात शिसं सर्रास घालायचे. लंडनच्या प्युटर कारागिरांनी 1348 साली आपसात नियम केले, की चांगल्या मालात काय आणि किती घालायचं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं कायदाच झाला, की कारागिरानं आपला शिक्का भांड्यावर मारायचा. माल खोटा निघाला तर कुणाच्या दारात जायचं ते ठरलेलं. मलेशियात 1885 साली एका चिनी कारागिरानं सुरू केलेला प्युटरचा धंदा आज जगभर माल विकतो, आणि आजच्या प्युटरमध्ये कथील नव्वद टक्क्यांच्या वर असतं, जेवणाच्या भांड्यांसाठी शिसं घालतच नाहीत. सातशे वर्षांपूर्वी, कुठलंही मशीन नसताना, त्या कारागिरांना हा प्रश्न पडला होता. आपल्याला पडायला काय हरकत आहे?

इतकं लांब कशाला, तमिळनाडूत जा. तंजावरला भोसल्यांची गादी होती, त्याच पट्ट्यात कुंभकोणमकडं अजून रसम करायला कथलाचं भांडं वापरतात. त्याला 'ईय चोंबू' म्हणतात, म्हणजे कथलाचा चंबू. आतला थर नव्हे, अख्खं भांडंच कथलाचं. रिकामं चुलीवर ठेवलं तर वितळून जाईल, म्हणून आधी आत रसम ओतायचं आणि मग आच लावायची. तिथल्या बायका सांगतात की त्यात रसमला वेगळीच चव येते. येत असेल. पण तिथंही रडगाणं तेच. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या चंबूत शिसं निघाल्याच्या तक्रारी आहेत. त्यात गंमत अशी की तमिळमध्ये 'ईयम' हा शब्द कथलालाही चालतो आणि शिशालाही. पांढरं ते कथील, काळं ते शिसं. आपल्या मराठीत निदान दोन वेगळे शब्द आहेत. शब्द आहेत, फरक उरला नाही.

काशाचं तेवढं वेगळं. तांब्यात साधारण पाचवा हिस्सा कथील घातलं की कासं होतं, कथील धातूतच मुरलेलं असतं म्हणून काशाच्या ताटाला कल्हई लागत नाही. घंटेचा धातूही त्याच घराण्यातला. खंबाटकी ओलांडून वाईला गेलात तर मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावरची ती मोठी घंटा बघा, वसईच्या मोहिमेनंतर आलेली. हळूच टिचकी मारा. तो जो घुमणारा नाद आहे ना, तो कथलाचा. शिसं घातलेली घंटा अशी बोलत नाही, बद्द वाजते. म्हणून तर जुनी माणसं काशाची वाटी बोटानं वाजवून घ्यायची. कथलाची कांडीही बोलते बरं का. शुद्ध कांडी कानाजवळ धरून वाकवली की आतून कर्रकर्र असा बारीक आवाज येतो. चाचांनी दोन्ही कांड्या माझ्या कानाशी वाकवून दाखवल्या. शुद्ध बोलली. मिक्स गप्प.

पण कानावर विसंबून राहू नका. शिसं थोडं असेल तर कांडी बोलतेच. म्हणून मी दोन्ही कांड्यांचे तुकडे चाचांकडून मागून घेतले (पैसे दिले, फुकट नाही) आणि ओळखीच्या एका सराफाकडं गेलो. त्याच्याकडं सोन्याचं कॅरेट बघायचं मशीन आहे. एक्स-रे सोडून धातू ओळखणारं. तो आधी हसला, "पत्रकार, कथील गहाण ठेवायला आलायस का?" मग तुकडे ठेवले. पहिल्यात जवळजवळ सगळं कथील दाखवलं. दुसऱ्यात शिशाची रेघ अशी वर गेली की त्यानं हसणं थांबवलं. आकडा मी इथं लिहीत नाही, कारण ते मशीन सोन्यासाठी बसवलेलं आहे, कथलाच्या टक्केवारीवर त्याची शपथ घेता येणार नाही. पण आहे की नाही, एवढं कळायला ते पुरतं. घरी आल्यावर त्यानं बायकोला पहिला फोन केला म्हणे, "पितळेचं पातेलं कुठून कल्हई केलंय गं आपलं?"

आता पैशाचं बघू. कथील किलोला तीन हजार धरलं, तर एका पातेल्याला लागणाऱ्या दहा ग्रॅमचे होतात तीस रुपये. शिशाचे दोन. सगळी भेसळ या अठ्ठावीस रुपयांसाठी चाललीय. शुद्ध कथलाची वाया जाणारी किनार, पुण्याहून माल आणायचं भाडं, जादा कोळसा धरला तरी चाचांचे साठ-सत्तर रुपये मला अवास्तव वाटले नाहीत. आपण हायवेवर थांबून दोघांत एक मिसळ आणि दोन चहा घेतो तेवढे.

इथं मला आपल्याच लोकांना चार शब्द ऐकवायचेत. स्टील आलं तसं आपण पितळ मोडीत घातलं. कुणी बोहारणीला दिलं, कुणी भंगारात. कल्हईवाला गल्लीतून गेला तेव्हा कुणाला वाईट वाटलं नाही. आता अचानक पितळ फॅशनमध्ये आलंय. शहरातल्या दुकानांत 'हँडमेड', 'कल्हई केलेली' अशी चिठ्ठी लावून पातेली हजारोंनी विकली जातात, लोक आनंदानं घेतात. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवाईपासून मठारकाम करणारी घरं आहेत, त्यांच्या हाताला थोडं काम लागलं असेल तर आनंदच आहे. पण तेच साडेतीन हजारांचं पातेलं सहा महिन्यांनी आतून पिवळं दिसायला लागलं की आपण झाडाखालच्या माणसाशी वीस रुपयांसाठी हुज्जत घालतो. "एवढे कशाचे ओ? कापूस तर फिरवला नुसता!" मग तो मिक्स कांडी काढणार नाही तर काय करणार? स्वस्त मागणारा गिऱ्हाईकच मिक्स माल तयार करतो. चाचांची दोन्ही पोरं एमआयडीसीत कंपनीत लागलीयत. त्यांनी नवसागराचा धूर खाल्ला नाही हे बरंच झालं. पण चाचांनंतर या पट्ट्यात शुद्ध-मिक्स विचारणारंसुद्धा कुणी उरणार नाही.

दुसरं, सत्कार आणि वाण. हा माझा जुना राग आहे. आमच्या तालुक्यात आठवड्याला दोन सत्कार होतात, माझ्याही घरात सन्मानचिन्हांचं एक कपाट भरलंय. चांदीसारखी चकचकीत मूर्ती, थाळी, करंडा. त्यावर लिहिलेलं असतं 'व्हाइट मेटल'. हे कुठल्या एका धातूचं नाव नाही मंडळी. त्याखाली जस्त असेल, कथील असेल, ॲल्युमिनियम असेल, आणखी काय असेल, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. शोकेसमध्ये ठेवा, माझी काही तक्रार नाही. पण संक्रांतीला लुटलेल्या त्या इवल्याशा वाट्या देवघरात जातात, त्यात दही-मध-केळ्याचं पंचामृत कालवलं जातं आणि पहिला चमचा घरातल्या सगळ्यात लहान पोराच्या तोंडात. हे थांबवा. पंचामृत स्टीलच्या वाटीत केलं तर देव रागावत नाही.

काहीजण म्हणतील, एवढी भानगड आहे तर पितळ वापरूच नका, स्टील बरं. ज्याला झेपत नाही त्यानं खुशाल स्टील वापरावं. मी मात्र आईची भांडी परत माळ्यावर टाकणार नाही. चांगली वस्तू वाईट मालामुळं बदनाम होते तेव्हा वस्तू टाकायची नसते, माल धरायचा असतो. आणि हॉटेलं, मंगल कार्यालयं, मंदिरांचे भटारखाने, यांच्या मोठ्या भांड्यांचं काय? आषाढीला माऊलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते, तेव्हा किती दिंड्यांच्या किती भांड्यांत आपल्या तालुक्याचं अन्न शिजतं! तिथं एकेक पातेलं हजार माणसांना वाढतं. तिथल्या कल्हईची कांडी कुठली हे आयोजकांनी विचारायला काय हरकत आहे?

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. अन्न व औषध प्रशासनानं जिल्ह्यात जिथं जिथं कल्हईचं कथील विकलं जातं, तिथले नमुने उचलावेत आणि निकाल जाहीर करावेत. कारवाई दुकानदारावर आणि कांड्या ओतणाऱ्यावर व्हावी, झाडाखालच्या म्हाताऱ्याला उचलून फोटो काढू नयेत. कांडीवर बनवणाऱ्याचं नाव आणि शुद्धता ठोकलेली असावी, बिननावाची कांडी विकायला बंदी असावी. सातशे वर्षांपूर्वीच्या लंडनला जमलं ते 2020 नंतरच्या सातारा जिल्ह्याला जमू नये? मी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय, की गेल्या दहा वर्षांत कल्हईच्या कथलाचे किती नमुने तपासले. उत्तर आलं की जसंच्या तसं इथं टाकेन. शून्य असेल तर शून्य टाकेन.

तोपर्यंत घरात काय करायचं ते थोडक्यात. कल्हईवाल्याला 'शुद्ध कथील' असं शब्द वापरून सांगा आणि त्याचे पैसे देताना घासाघीस करू नका. कांडी आधी बघा, वाकवून ऐका. कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवू नका, त्यात शेंगदाणे-रवा भाजू नका, कडकडीत तेलाची फोडणी छोट्या लोखंडी कढल्यात करून वरून ओता. तारेची घासणी लावू नका, राख नाहीतर मऊ घासणी. आतून पिवळं दिसायला लागलं की आंबट शिजवणं बंद आणि पुन्हा कल्हई. जी भांडी आधी कुणाकडून, कुठल्या कांडीनं कल्हई झालीत ते आठवत नसेल, त्यात आंबट काही शिजवू नका. भांडं मशीनवर तपासून उपयोग नाही, खालचं पितळही त्यात दिसतं आणि पितळातही कधी कधी शिसं असतं. तपासायची ती कांडी.

आणि आता कामाचं. चाचांशी आणि त्या सराफ मित्राशी बोलून ठेवलंय. येत्या रविवारी सकाळी 9 ते 1 चाचा एसटी स्टँडमागच्या मोकळ्या जागेत बसतील. कथील शुद्धच, कांडीचा तुकडा आदल्या दिवशी तपासून घेतलेला, रिपोर्टचा कागद तिथं चिकटवलेला असेल. दर भांड्याच्या आकाराप्रमाणं, चाचा सांगतील तोच, कमी होणार नाही. पोरांना घेऊन या, धूर नाकात जाणार नाही इतक्या लांब उभं करा. कथील तापल्या भांड्यात कसं पळतं ते त्यांनी एकदा बघू दे. दुसऱ्या गावात कुणाकडं कल्हईवाला असेल, किंवा कुणाकडं जुनी कांडी पडली असेल, तर ती पण घेऊन या, लिहून ठेवू कुठून आली ते.

आमच्या आईची कढई पहिल्या नंबरला लागलीय.